नागपूर : रोजच्या वापराला खिशात मावणारी चार्जिंगची टॉर्च, कोणती घ्यावी?

उमरेडरोडकर | १० मे, रात्री ९:४०

मंडळी, टॉर्च घ्यायची आहे. आमच्या घरी सगळे 'बॅटरी'च म्हणतात. परवा बर्डीत दुकानदाराला "चार्जिंगची बॅटरी दाखवा" म्हटलं, तर त्याने इन्व्हर्टरच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

आधीची कीचेनला (किल्ल्यांच्या जुडग्याला) लावायची चपटी टॉर्च सात महिन्यांत गेली. स्कूटरच्या डिक्कीत पडलेली असायची. एप्रिलच्या शेवटी काढली तर मधोमध पुरीसारखी फुगलेली, झाकण अर्धं उचकटलेलं. कचऱ्यात टाकायला निघालो तर बायकोने अडवलं. सध्या गॅलरीत एका विटेवर ठेवली आहे, काय करायचं तेही सांगा.

वापर असा : पहाटे पाचला बाबांसोबत फिरायला जातो. वाटेतल्या दोन गल्ल्या ठार अंधाराच्या, आणि नेमकी तिथेच गटाराची झाकणं गायब. लाईट गेली की चार मजल्यांचा जिना. महिन्यातून दोनदा काटोलकडे सासऱ्यांच्या संत्र्याच्या बागेत मुक्काम. दोन हजारांपर्यंत तयारी आहे. सी-टाइप चार्जिंग पाहिजे, पँटच्या खिशात मावली पाहिजे, आणि आठवड्यातून एकदाच चार्ज करावी लागली पाहिजे.

ऑनलाइन पाहिलं तर एक टॉर्च म्हणते १,००० लुमेन (उजेडाचं माप), दुसरी त्याहून कमी पैशात १०,०००. दुसरी घेऊ का?

तर्रीपोहा | १० मे, रात्री ९:५२

मोबाईलमध्ये असते न भाऊ टॉर्च. कायले दोन हजार घालून राह्यले? तेवढ्यात दोन महिने सकाळचे पोहे होतात.

नाईटड्यूटी | ११ मे, सकाळी ७:१५

नुकती ड्यूटी संपवून आले. मोबाईलची टॉर्च म्हणजे हातात आणखी एक काम. फोन आला तर एका हाताने उजेड धरायचा की बोलायचं? पावसात बाहेर काढायची भीती वेगळीच. आणि तो उजेड चार पावलांपुरता पसरतो, पुढे काही दिसत नाही.

वॉर्डात लाईट गेल्यावर जनरेटर येईपर्यंतच्या पंधरा-वीस सेकंदांत खिशातली टॉर्च जे काम करते, ते फोन अनलॉक करून होत नाही. माझ्याकडे पेनाएवढी आहे, तुम्हाला ती पुरणार नाही. पण एक गोष्ट नक्की बघा : तिचा सगळ्यात मंद उजेड किती मंद आहे. झोपलेल्या पेशंटजवळ किंवा घरी रात्री बाथरूमला जाताना एक लुमेनसुद्धा भरपूर होतो. स्वस्त टॉर्चमध्ये 'लो' म्हणजे डोळे दिपवणारं, आणि 'हाय' म्हणजे त्याहून जरासं जास्त.

सोल्डरिंगबाबा | ११ मे, सकाळी १०:३०

१०,००० वाली घेऊ नका. का नको ते हिशोबानेच सांगतो, पाचवीचं गणित आहे.

चांगला एलईडी एका वॅटमागे साधारण १०० लुमेन देतो, फार तर १५०. म्हणजे १०,००० लुमेनला ७० ते १०० वॅट लागणार. खिशातल्या टॉर्चमध्ये असतो एक १८६५० सेल. (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, शेवटचं शून्य म्हणजे गोल नळकांडं. नावातच माप आहे.) चांगला १८६५० सेल ३,५०० एमएएचचा, व्होल्टेज ३.६. गुणाकार करा, बारा-साडेबारा वॅट-तास. त्यातून शंभर वॅट खेचले तर सात मिनिटांत सेल रिकामा. आणि ती सात मिनिटं तुमच्या हातात टॉर्च नसेल, इस्त्री असेल.

आता हेच उलटं करा. १२ वॅट-तास गुणिले १०० म्हणजे १,२०० लुमेन-तास. ही तुमची टाकी. १०० लुमेनवर बारा तास, २०० वर सहा, १,००० वर कागदोपत्री एक तास. तो एक तासही सलग मिळत नाही. टॉर्च तापली की आतलं सर्किट स्वतःच उजेड उतरवतं, बहुतेक लहान टॉर्चमध्ये मिनिट-दोन मिनिटांत. आपल्याकडे मे महिन्यात अजून लवकर, कारण बाहेरची हवाच तिला थंड करत नाही.

तुमचा वापर रोज पाऊण तास धरू, १०० लुमेनवर. म्हणजे दिवसाला ७५. १,२०० ची टाकी सोळा दिवस जाते. त्याहून लहान टॉर्च १४५०० सेलवर येतात. माप पेन्सिल सेलचं, पण व्होल्टेज ३.६ (म्हणून तो भिंतीवरच्या घड्याळात घालू नका, घड्याळ जाईल). त्यात ८००-९०० एमएएच, म्हणजे तीन वॅट-तास. चार दिवसांत संपली. तुम्हाला आठवड्याला एकदाच चार्ज करायचंय ना? मग १८६५० च घ्या. खिशात थोडी जाड वाटेल, हाताच्या पंजाएवढी लांब असते.

आणि खोक्यावर '४० तास' लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. एफएल१ नावाच्या प्रमाणपद्धतीत बॅकअप मोजतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. ४० तासांच्या शेवटी तुमच्या हातात काजवा असतो.

तर्रीपोहा | ११ मे, सकाळी १०:४१

बाप्पा! पाचवीत आमाले हे नव्हतं.

काटोलचा_बागाईतदार | ११ मे, दुपारी १:०५

सोल्डरिंगबाबाचं गणित बरोबर हाय, पण बागेतलं गणित येगळं हाय.

आमच्याकडे मोटरीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली का एकट्यानं जाच लागते. आता आंबिया बहराची फळं झाडावर हाय, पाणी चुकलं का गळ सुरू. मंग अंधारात दोन गोष्टी पाहाच्या. एक पायाखाली. दुसरी धुऱ्याच्या (बांधाच्या) पल्याड. पायाखाली मण्यार, घोणस काहीही राहू शकते. मण्यार रात्रीच फिरते, काळी राह्यते, पांढरे पट्टे बारीक, ओल्या मातीत पटकन दिसत नाई. धुऱ्यापल्याड रोही (नीलगाय) नाई तं डुक्कर. रोहीचे डोळे उजेडात चमकते, ते दुरूनच दिसले पाहिजे. डुक्कर समोरासमोर भेटलं मंग कितीबी लुमेन राहू द्या.

माह्या बापाजवळ पितळेची तीन सेलाची बॅटरी होती. झोत दूर जाये, पण पायाजवळ अंधार. आताच्या नव्या टार्चा नेमक्या उलट्या, पायाजवळ दिवाळी अन् पन्नास पावलांवर काहीच नाई. दोनी पाहिजे.

रानवाटा | ११ मे, रात्री ८:२०

बागाईतदार भाऊंनी नेमकं सांगितलं. लुमेन म्हणजे एकूण उजेड किती, आणि कँडेला म्हणजे तो मधोमध किती एकवटलाय. खोक्यावर कँडेला लिहिलं असेल तर त्याचं वर्गमूळ काढून दोनने गुणा. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. पण हे २०० मीटर म्हणजे जिथे उजेड ०.२५ लक्स उरतो, पौर्णिमेच्या चांदण्याइतका. तिथे काहीतरी उभं आहे एवढं कळतं, रोही की गाय ते कळत नाही. ओळखू येण्यासाठी निम्मं अंतर धरा.

एकदम गुळगुळीत आरशासारखा कटोरा (रिफ्लेक्टर) झोत लांब फेकतो. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असेल तर मधला झोत थोडा मऊ होऊन कडेला पसरतो. या खडबडीला टॉर्चवाले खरंच 'ऑरेंज पील' म्हणतात. म्हणजे नागपूरकराने कोणता घ्यावा हे वेगळं सांगायला नको.

एक विनंती. पेंच, उमरेडकडच्या जंगलाच्या रस्त्यांवर जनावराच्या डोळ्यात झोत धरून ठेवू नका. त्याला काही दिसेनासं होतं आणि ते नेमकं तुमच्या गाडीसमोर येतं.

नाईटड्यूटी | १२ मे, सकाळी ८:००

उजेडाच्या रंगाबद्दल कुणीच बोललं नाही. पांढराशुभ्र, निळसर उजेड जास्त वाटतो खरा, पण त्यात लाल रंग मरतो. लाल चट्टा करडा दिसतो. रंग किती खरे दिसतात त्याचा सीआरआय नावाचा आकडा असतो, जास्तीत जास्त १००. साध्या टॉर्चमध्ये ७० च्या आसपास, चांगल्यांत ९० च्या वर. आणि उजेडाच्या छटेचा आकडा, म्हणजे केल्विन, ४,००० ते ५,००० असलेली घ्या. ६,५०० म्हणजे ट्यूबलाईट.

सोल्डरिंगबाबा | १२ मे, सकाळी ११:१०

ताईंना अनुमोदन. डीपीत वायर बघताना तपकिरी आणि लाल यांत गल्लत झाली की कळतं. उजेड आकड्यात थोडा कमी पडतो, चालतो. डोळ्याला दुप्पट वाटायला साधारण चौपट लुमेन लागतात, त्यामुळे ८०० आणि १,००० मधला फरक कुणालाही दिसत नाही.

नावं विचारणारच आहात, म्हणून सांगतो. वुर्कोस एफसी११सी : १८६५० सेल, सी-टाइप, मागे लोहचुंबक, सीआरआय ९० च्या वर. सोफर्न एससी३१ प्रो : तोच सेल, सी-टाइप, पण त्याच्या प्रणालीत किती क्लिकला काय होतं त्याचा तक्ता पाठ करावा लागतो. मला आवडते, बाबांच्या हातात देऊ नका. कॉन्व्हॉय एस२+ दणकट आहे, साध्या रूपात चार्जिंगचं भोक नाही, चार्जर वेगळा. ओलाइटच्या बऱ्याच टॉर्चना स्वतःची चुंबकी केबल लागते, ती काटोलला विसरलात की संपलं.

चुंबकाचा उपयोग परवाच झाला. रात्री अकराला कूलरचा टिल्लू (पाण्याचा छोटा पंप) बंद पडला. टॉर्च कूलरच्या पत्र्याला आतून चिकटवली, दोन्ही हात मोकळे, दहा मिनिटांत टिल्लूच्या जाळीतला गवताचा गोळा काढला.

तर्रीपोहा | १२ मे, सकाळी ११:३०

हे पटलं बाबा. माझ्या घरी मी टिल्लू काढतो अन् पोरगा मोबाईल धरते, पण त्याचं सगळं लक्ष नोटिफिकेशनवर.

लेआउटवासी | १२ मे, रात्री १०:१५

मी फारसा लिहीत नाही, पण पाण्याचा मुद्दा राहिला.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आमच्या भागातल्या कुणालाच विसरता येणार नाही. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी रस्त्यावर आली. आम्ही तळमजल्यावर. जाग आली तेव्हा चपला खोलीत तरंगत होत्या. लाईट गेलेली, फोन ११ टक्क्यांवर. हातात जी टॉर्च आली ती घेऊन आईला वरच्या मजल्यावर नेलं. ती पाण्यात एकदाच पडली, आणि बंद. नंतर उघडून पाहिली. चार्जिंगच्या भोकावरचं रबराचं बूच मी आदल्या दिवशी चार्ज करून लावलंच नव्हतं.

तेव्हापासून दोन गोष्टी बघतो. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आठ असेल तर त्याहून खोल. आणि ही सगळी मापं बूच घट्ट बसलेलं असतानाची. काही टॉर्चमध्ये मागचं टोपण फिरवून भोक झाकलं जातं, ते बुचापेक्षा बरं.

उमरेडरोडकर | १३ मे, सकाळी ६:५०

लेआउटवासी, वाचून अंगावर काटा आला. बूच नक्की बघतो.

१८६५० ठरलं. आता प्रश्न सेलचा. टॉर्चसोबत सेल नसेल तर सुटा घ्यायचा का? बर्डीतल्या मोदी नंबर गल्लीत एकाने ९,९०० एमएएचचा दाखवला, किंमत एका प्लेट समोशाच्या आसपास.

सोल्डरिंगबाबा | १३ मे, सकाळी ९:२०

वर लिहिलंय ना, १८६५० मध्ये ३,५०० च्या पुढे जवळपास काहीच नाही. ९,९०० फक्त वेष्टणावर छापतात. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले सेल नवं कव्हर चढवून विकले जातात.

वजन करा. खरा १८६५० साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. मी एकदा असाच एक 'नऊ हजारी' घेऊन इतवारीत ओळखीच्या सराफाकडे गेलो होतो. त्याने काट्यावर ठेवला : २९ ग्रॅम. म्हणाला, "यात घट फार आहे हो." सेलवर आयएस १६०४६ (भारतीय मानक) आणि आर नंबर (नोंदणी क्रमांक) छापलेला आहे का तेही पाहा, आपल्याकडे लिथियम सेलला ती नोंदणी सक्तीची आहे.

संरक्षण सर्किट असलेला सेल चार-पाच मिलिमीटरने लांब असतो, सगळ्या टॉर्चमध्ये बसत नाही. आधी टॉर्च, मग सेल.

आणि तुमची फुगलेली पुरी : ती टोचू नका, दाबू नका, चार्जला तर मुळीच लावू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. तोवर विटेवर आहे ते उत्तम, फक्त ऊन लागू देऊ नका. थोडी चूक तुमचीही आहे. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं सेल बनवणारेच लिहितात, आणि ते आपल्याकडचं मे महिन्यातलं सावलीतलं तापमान झालं. उन्हातली डिक्की त्याच्याही पुढे. उन्हाळ्यात रात्री कूलरच्या खोलीत चार्ज करा.

मेट्रोवारी | १३ मे, सायंकाळी ७:४५

मागच्या टोपणाला अर्धा आटा उलटा फिरवून बंद ठेवायची सवय लावा. मी खिशात सरळ ठेवली होती, मेट्रोत गर्दीत बटण दाबलं गेलं आणि पूर्ण उजेड सुरू. झाशी राणी चौकाला मांडी गरम लागली, बर्डी येईपर्यंत वास यायला लागला. पँटला आठ आण्याच्या नाण्याएवढं भोक. समोरच्या काकू म्हणाल्या, "बेटा, तुझा खिसा जळून राह्यला."

बटण वर उचललेलं नको, खोलगट पाहिजे.

काटोलचा_बागाईतदार | १३ मे, रात्री ८:३०

लय हासलो.

रानवाटा | १५ मे, सकाळी ९:००

दुकानात घेत असाल तर दोन चाचण्या तिथेच करा. एक, स्वतःच्या मोबाईलची दोन्हीकडून सी-टाइप असलेली केबल घेऊन जा. बऱ्याच स्वस्त टॉर्च जुन्या चौकोनी टोकाच्या केबलनेच चार्ज होतात. सी-टाइपच्या भोकात ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, ते वाचवलेले असतात, मग नवा चार्जर वीज सोडतच नाही. दुसरी चाचणी : मंद उजेड चालू पंख्यावर मारा. पाती तुटक-तुटक किंवा उलटी फिरताना दिसली तर उजेड लुकलुकतोय. काहींचं डोकं दुखतं त्याने.

उमरेडरोडकर | ३१ मे, रात्री १०:०५

घेतली! उशीर झाला, ऊन फार होतं, दुपारी बाहेर पडवेना.

पहिल्या दुकानातली टॉर्च केबलच्या चाचणीत नापास. दुकानदार म्हणाला, "साहेब, केबल तुमची खराब आहे." त्याच केबलने त्याचा फोन चार्ज करून दाखवला, तर म्हणाला मग चार्जर खराब असेल. दुसऱ्या दुकानातली पास झाली. १८६५०, सेलसह, सेल काढता येतो, मंद उजेड एक लुमेन, आयपीएक्स८, मागे चुंबक. १,७५० रुपये. सेल भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टाकला : ४७ ग्रॅम. भाजीवाला म्हणाला, "पाव किलो करू का?"

दहा दिवस झाले, एकदाही चार्ज केलेली नाही. पहाटे १०० च्या आसपासच्या उजेडावर चालतो, झाकण नसलेली दोन्ही गटारं आता पाठ झाली आहेत. गच्चीवरून पलीकडच्या लेआउटमधली पाण्याची टाकी दिसते, तिच्यावरचा आकडा वाचता येतो. उजेड थोडा पिवळा आहे. बाबांना आधी तो 'जुन्या सेलासारखा' वाटला, कारण त्यांच्या हिशोबात पिवळा म्हणजे सेल उतरला. तीनदा म्हणाले, सेल बदल रे. शेवटी बाजूला मोबाईलचा उजेड धरून तुळशीचं पान दाखवलं. मग गप्प बसले.

एक तक्रार. ती शेवटचा उजेड लक्षात ठेवते. काल बागेत पूर्ण उजेडावर बंद केली, आणि आज पहाटे तीनला बायकोच्या उशाशी चालू केली. पुढचं लिहीत नाही.

नाईटड्यूटी | १ जून, सकाळी ७:४०

बंद असताना बटण दाबून धरा. पुष्कळ टॉर्चमध्ये त्याने सरळ सगळ्यात मंद उजेड येतो. तुमच्यात आहे का पाहा.

उमरेडरोडकर | १ जून, सकाळी ८:०५

आहे! कागदावर लिहिलेलंच होतं, अक्षर मुंगीएवढं. आभार ताई. विटेवरची पुरीही परवा ई-कचरावाल्याकडे पोचवली.

तर्रीपोहा | १ जून, सकाळी ८:३०

१,७५० मध्ये कोणती ते लिंक टाका न भाऊ. टिल्लूसाठी घेतो एक.

काटोलचा_बागाईतदार | १ जून, रात्री ९:१०

उमरेडरोडकर, तुमची परवा सासऱ्याच्या बागेत पायली मी, रस्त्यावरून जाऊन राह्यलो होतो. उजेड चांगला हाय, धुऱ्यापोत जाते. पण मले एक सांगा कोणीतरी. एका हातात टार्च अन् एका हातात काठी, मंग फावडं कोणत्या हातात धराचं? डोक्याले लावाची कोणती घ्याव?

सोल्डरिंगबाबा | १ जून, रात्री ९:२५

हेडलॅम्पचा वेगळा धागा काढा भाऊ, इथे भेसळ होईल. पट्टा, वजन, घाम, सगळंच वेगळं आहे.

काटोलचा_बागाईतदार | १ जून, रात्री ९:३१

काढतो उद्या. आज साडेअकराले लाईट येते, पाणी देऊन येतो.